रिपोर्ट नॉर्मल आहे

लोणावळा लोकलमध्ये टॉयलेट नसतं. रोज अप-डाऊन करणाऱ्या मंडळींनी हे सत्य केव्हाच पचवलंय. पण 2024 च्या पावसाळ्यात माझ्या मामाला याच लोकलने साडेपाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, लोणावळा ते चिंचवड जायचं होतं. आणि तिथे पोचल्यावर त्याचं पहिलं काम काय, तर अर्धा लिटर पाणी पिऊन ते धरून बसायचं! प्रोस्टेटच्या रेडिएशनचा नियमच आहे तो. मूत्राशय भरलेलं असलं की त्याचा बराचसा भाग आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात. मामाचं वय 69. त्या वयात, त्या दुखण्यात, धरून बसायचं...

"घाटात दरड थोपवणं सोपं होतं गं यापेक्षा," असं तो वेटिंग एरियात मोठ्याने म्हणायचा आणि शेजारचे सगळे काका एका सुरात हसायचे. हसल्यावर धरणं आणखी अवघड, हे सांगायला नकोच.

मामा रेल्वेतला. गँगमन म्हणून लागला, मुकादम म्हणून रिटायर झाला. बोरघाटात खंडाळा, मंकी हिल, ठाकूरवाडी हा त्याचा इलाका. तुम्ही-आम्ही पावसाळ्यात भुशी डॅमवर भजी खायला जातो ना, तेव्हा हा माणूस रात्रीच्या अंधारात, धुक्यात, हातात बॅटरी घेऊन रुळावरून पायी चालत असायचा. दरड आली का, खडी वाहून गेली का, बघत. अशी पस्तीस वर्षं. त्यामुळे डॉक्टरांनी 28 सीटिंग सांगितल्या तेव्हा त्याने खांदे उडवले. आमच्याकडे त्याला 'लाईट घेणं' म्हणतात. "अठ्ठावीस लाईटी? घेऊन टाकू."

मी फ्रीलान्सर. म्हणजे घरच्यांच्या मते रिकामी. शिवाय राहते चिंचवडला. त्यामुळे स्टेशनवरून मामाला घ्यायचं, रिक्षाने हॉस्पिटल, परत स्टेशन, ही ड्युटी आपोआप माझ्याकडे आली. पहिले दोन आठवडे मस्त गेले. टेबलावर काही मिनिटं, ना दुखणं ना खुपणं. दुपारच्या वेळी परतीची लोकल नसायची, तेव्हा आम्ही फलाटावर बसून वडापाव खायचो आणि तो मला समोरच्या रुळांमधल्या चुका दाखवायचा.

तिसऱ्या आठवड्यात तो पुलावर थांबायला लागला.

चिंचवड स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना मधेच कठडा धरून उभा राहायचा आणि खालून जाणारी मालगाडी बघतोय असं दाखवायचा. मालगाडी नसली तरी. मग वडापाव बंद झाला. मग बोलणं कमी झालं. रात्री नऊ तास झोपून सकाळी उठला की चेहरा असा, जणू नाईट पेट्रोलिंग करून आलाय. मामी म्हणाली, "नुसते पडून असतात. कधी असे पाहिले नाहीत मी यांना."

आम्ही डॉक्टरांना विचारलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण असा प्रसंग कुठेही घडतो. त्यांनी सीबीसी काढायला लावली. हिमोग्लोबिन बरं, पांढऱ्या पेशी थोड्या कमी, अपेक्षेप्रमाणे. "रिपोर्ट नॉर्मल आहे काका. मनावर घेऊ नका. थोडं फिरत जा." बाहेर तीस पेशंट थांबलेले. त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

चुकलं माझं. मी मामाला व्हॉट्सॲपवर पॉझिटिव्ह थिंकिंगचे व्हिडिओ पाठवले. एक नाही, चार. वर अंगठा दाखवणारा इमोजी!

सोळावी लाईट मंगळवारी झाली. बुधवारी लोकल आली आणि गेली, मामा उतरलाच नाही. फोन केला तर मामीने उचलला. "नको म्हणतायत. म्हणतायत, रिपोर्ट चांगला आहे आणि मला उठवत नाही, म्हणजे मीच ढोंग करतोय. ढोंग्याला कशाला लाईट?"

हे ऐकल्यावर त्या रात्री मी जे काम पोटासाठी करते ते फुकट केलं. म्हणजे वाचत बसले.

आता थोडं सायन्स. पळू नका, चिक्कीपासून सुरू करते. समजा, लोणावळ्यातल्या चिक्कीच्या एका मोठ्या दुकानात पाककृतींचं एकच जाडजूड रजिस्टर आहे. शेंगदाणा, तीळ, राजगिरा, काजू, सगळं त्यात. ते कपाटातून बाहेर येत नाही. रोज सकाळी मालक त्यातलं आज लागणारं तेवढंच चिठ्ठ्यांवर उतरवून भट्टीकडे पाठवतो. रजिस्टर वाचून या दुकानात काय काय बनू शकतं ते कळेल. पण आज काय बनतंय? त्यासाठी चिठ्ठ्या मोजायला हव्यात. रजिस्टर म्हणजे आपला डीएनए. चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. कोणत्या जनुकाच्या किती चिठ्ठ्या सुटल्या, ती झाली त्या जनुकाची ॲक्टिव्हिटी. आणि आपली लाडकी सीबीसी काय करते? भट्टीवर कामगार किती ते मोजते. लाल किती, पांढरे किती. ते काय रांधतायत, ते तिला दिसत नाही.

रेडिएशनने डीएनएचे धागे तुटतात. पेशीत पी-53 नावाचं एक प्रथिन असतं, मामाच्या भाषेत मुकादम. तुटलेलं दिसलं की तो चिठ्ठ्या सोडतो: काम थांबवा, आधी दुरुस्ती. सीडीकेएन1ए नावाचं जनुक पेशीचं विभाजन थांबवतं, डीडीबी2 दुरुस्तीला लागतं, एफडीएक्सआर काही तासांत जोरात चालू होतं. हे सगळं दंडातून काढलेल्या थोड्याशा रक्तात दिसतं. आता तुम्ही म्हणाल, लाईट ओटीपोटावर आणि रक्त दंडातलं, हे कसं काय? तर रक्त एका जागी बसून राहत नाही. साधारण मिनिटाभरात शरीराची एक फेरी मारतं. मशीन चालू असताना जे रक्त त्या भागातून गेलं, त्यालाही प्रसाद मिळतोच.

ही काही कालची कल्पना नाही. रक्तावरून रेडिएशन ओळखायची जुनी पद्धत म्हणजे पांढऱ्या पेशींमधली मोडून चुकीची जोडली गेलेली गुणसूत्रं मोजायची. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-60 असलेलं जुनं यंत्र येऊन पडलं, आठवतंय? काही जण भाजले, एकाचा जीव गेला. अशा वेळी कुणाला किती डोस लागला हे सांगायला कुणाच्या खिशात मीटर नसतो. रक्तच साक्षीदार. पण गुणसूत्रं मोजायची तर आधी दोन दिवस पेशी वाढवाव्या लागतात. चिठ्ठ्या त्यापेक्षा लवकर वाचता येतात. म्हणून शास्त्रज्ञ जनुकांच्या ॲक्टिव्हिटीकडे वळले. आणि माणसाला मुद्दाम रेडिएशन देऊन प्रयोग तर करता येत नाही, मग मदतीला कोण? रेडिओथेरपीचे पेशंट. 2004 मध्ये अमेरिकेत सॅली ॲमंडसन यांच्या गटाने अंगभर रेडिएशन घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात ही जनुकं जागी होताना पाहिली. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या गटाने वेगवेगळ्या कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात एफडीएक्सआर पाहिलं आणि ते डोसची चांगली खूण आहे असं सांगितलं.

आपल्याकडेही काम झालंय, आणि तेही एका भन्नाट जागी. केरळच्या किनाऱ्यावर, कोल्लमजवळ, वाळूत थोरियम आहे. तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या नैसर्गिक रेडिएशनमध्ये राहतायत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी त्यांचं रक्त तपासलं. 2017 मध्ये त्यांनी लिहिलं की, जिथे पातळी जास्त, तिथल्या लोकांच्या पेशींमध्ये डीएनए सांभाळणारी, दुरुस्त करणारी जनुकं जास्त कामात आहेत. अर्थात, आयुष्यभर थोडं थोडं लागणं वेगळं आणि 28 दिवसांत मोजून मापून लागणं वेगळं. पण चिठ्ठ्या वाचायची विद्या तीच.

हे सगळं वाचून मी खूश, पण मामाच्या पुलाचं काय? ते रात्री दीडच्या सुमाराला सापडलं. अमेरिकेत बेथेस्डा इथे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ आहे. तिथे लिओरी सॅलिगन हे नर्सिंगचे संशोधक. (नर्सिंगचे! थकवा आधी नर्सलाच दिसतो, त्यामुळे मला फार आश्चर्य वाटलं नाही.) त्यांच्या गटाने बरोब्बर मामासारखी माणसं घेतली: प्रोस्टेटचा कॅन्सर, इतरत्र न पसरलेला, बाहेरून रेडिएशन. लाईट सुरू होण्याआधी, मधे आणि संपताना रक्त घेतलं आणि त्याच वेळी 'किती थकलात' याची प्रश्नावली भरून घेतली. थकवा जसा वाढला, तशी रक्तातल्या काही जनुकांची ॲक्टिव्हिटी बदलत गेली. 2013 मध्ये त्यांनी लिहिलं त्यात अल्फा-सिन्युक्लिनचं जनुक पुढे होतं. एरवी हे नाव पार्किन्सनच्या गप्पांत ऐकू येतं. दुसऱ्या अभ्यासात मायटोकॉन्ड्रियाशी संबंधित जनुकं सापडली. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतलं वीजघर, हे आपण नववी-दहावीत पाठ केलंय. अभ्यास छोटे आहेत. शिवाय या माणसांपैकी अनेकांना हार्मोनची इंजेक्शनंही चालू असतात, मामालाही होती, आणि तीही माणसाला गळाठून टाकतात. त्यामुळे सगळं बिल रेडिएशनच्या नावावर फाडता येत नाही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख बसली. सीबीसी नॉर्मल असताना थकलेल्या माणसाच्या रक्तात काहीतरी खरोखर बदललेलं असू शकतं.

गुरुवारी सकाळी पहिली मिळाली ती लोकल पकडून उलट्या दिशेने लोणावळा. तळेगाव गेल्यावर पाऊस, कान्ह्यापासून भातखाचरं भरलेली, मळवलीला लोहगड ढगात. मामा पडवीत खुर्चीवर. टीव्ही बंद. मी चिक्की, चिठ्ठ्या, मुकादम सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण डोळे दुसरीकडे. मग मला वळवण धरण आठवलं.

"मामा, वळवण भरलंय का?"

"भरलंय की. काल पाहिलं."

"आणि खोपोलीला टर्बाईन बंद पडलं तर?"

तो माझ्याकडे बघायला लागला. लोणावळ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वळवणचं पाणी डोंगरातून खाली खोपोलीला जातं, टाटांच्या वीजघरात, 1915 पासून. धरण वर काठोकाठ भरलेलं दिसलं म्हणून खाली वीज तयार होतेच असं नाही. तुझी सीबीसी म्हणजे वळवणची पातळी, मी म्हटलं. डॉक्टरांनी पातळी पाहिली आणि नॉर्मल म्हणाले. खोटं नाही बोलले. खोपोलीत जाऊन कुणी बघितलंच नाही, कारण तिथे बघायची टेस्ट अजून आपल्याकडच्या हॉस्पिटलात नाही.

मामा बराच वेळ गप्प. मग मामीकडे वळून म्हणाला, "बघ. ढोंग नव्हतं."

मामी पदराने डोळे पुसत आत गेली. चहा टाकते म्हणाली, पण चहा यायला फार वेळ लागला.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला, कारण मधेच खंड पडणं चांगलं नसतं. काही कॅन्सरमध्ये तर, विशेषतः गर्भाशयमुख किंवा तोंड-घशाच्या, उपचार एकेक दिवस लांबला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे टक्क्याने घसरते असं अभ्यास सांगतात. प्रोस्टेट त्यामानाने सबुरीचा. बुधवार-गुरुवार बुडाले होते, ते त्यांनी शेवटी जोडून घेतले. शुक्रवारी मामा चिंचवडला उतरला. पुलावर थांबला. या वेळी मालगाडीचं नाटक केलं नाही. "दम लागलाय, थांब," म्हणाला. मी थांबले.

आता तुमच्यासारख्या स्मार्ट मंडळींच्या डोक्यात आलंच असेल, की मग ही टेस्ट कुठे होते, किती पैसे? थांबा. लाईटीला शरीराने 'प्रतिसाद' दिला, हा एकच शब्द तीन वेगळ्या प्रश्नांसाठी वापरतात. डोस लागला का? त्याचं उत्तर रक्त चांगलं देतं. गाठ मेली का? त्यात रक्तातल्या जनुकांची ॲक्टिव्हिटी अजून कच्ची आहे. प्रोस्टेटला त्यासाठी साधी पीएसए आहे, आणि तीही तळाला जायला दीड-दोन वर्षं घेते. तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. निरोगी भागाला किती सोसेल?

इथे एक गोष्ट मला माहीतच नव्हती. रेडिएशनचा डोस ठरवताना सगळ्यांची सहनशक्ती जवळपास सारखी धरतात आणि मर्यादा अशी आखतात की जे सगळ्यात नाजूक, त्यातल्या थोड्यांनाच गंभीर इजा व्हावी. म्हणजे काही टक्के लोकांसाठी बाकीचे सगळे हात राखून. कोण नाजूक हे आधीच कळलं, तर त्यांना जपता येईल आणि इतरांना कदाचित जास्त जोर लावता येईल. 2006 मध्ये नेदरलँड्समध्ये प्रोस्टेटच्याच पेशंटवर हा प्रयत्न झाला. ज्यांना वर्षांनंतर गंभीर त्रास झाला आणि ज्यांना झाला नाही, अशा दोन्ही गटांचं रक्त घेऊन प्रयोगशाळेत त्यावर रेडिएशन सोडलं. एकेकट्या जनुकावरून नीट काही कळेना. पण एकत्र काम करणाऱ्या जनुकांचे गट करून पाहिल्यावर फरक बराच स्पष्ट दिसला. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग काय! गँग बघायची असते. एक गँगमन बघून रूळ कसा आहे ते कळतं का?"

कर्नाटकात मणिपालला ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी घेऊन, तुटलेला डीएनए त्या किती लवकर सांधतात आणि त्वचा किती भाजते, याचा संबंध तपासलाय. ती जनुकांची ॲक्टिव्हिटी नाही, पण चुलतभावंड नक्की. आणि आपल्याच एक्सप्रेसवेने घाट उतरलं की खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे, जिथे एकाच आवारात पेशंटही आहेत आणि प्रयोगशाळाही. वीकेंडला लोणावळ्याहून परतताना ट्रॅफिकमध्ये अडकाल तेव्हा त्या दिशेला एकदा बघा.

तोवर एक सावधगिरी. ऑफिसच्या हेल्थ पॅकेजमध्ये किंवा इन्स्टावर 'जीन टेस्ट' दिसली की भुलू नका. थुंकी घेऊन करतात ती टेस्ट रजिस्टर वाचते. जन्मापासून जे आहे ते. आज भट्टीवर काय शिजतंय, हे ती सांगत नाही. तुमच्या घरच्या माणसाला लाईट सोसेल का, हे रक्तातल्या चिठ्ठ्यांवरून सांगतो असं कुणी आज पैसे घेऊन म्हणत असेल, तर आपल्या रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाकीट उघडू नका.

आणि थकव्याचं? त्यावर गंमत म्हणजे त्या डॉक्टरांचं "फिरत जा" बरोबरच होतं. 2017 मध्ये शंभरावर अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात कॅन्सरच्या थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि समुपदेशन सरस ठरलं. फक्त "मनावर घेऊ नका" या वाक्यानंतर आलेलं "फिरत जा" माणसाला ऐकू येत नाही. मामीला मामाला कैवल्यधाममध्ये पाठवायचं होतं. मी आधी नाक मुरडलं. मग कळलं की 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात ते सुरू केलं, तेव्हापासून तिथे योगाच्या क्रिया एक्स-रे लावून तपासल्या जायच्या. शरीराला आतून जे जाणवतं ते बाहेरून मोजायचा नाद या गावाला शंभर वर्षांचा आहे तर! मामा मात्र गेला नाही. "रेल्वेचा माणूस चालणार," म्हणाला. आधी गेटपर्यंत, मग बाजारापर्यंत, दिवाळीपर्यंत तुंगार्ली धरणाच्या चढाला लागला होता. निम्म्यातून परत यायचा. थकवा पूर्ण जायला पुढचा उन्हाळा उजाडला.

अठ्ठाविसाव्या लाईटीच्या दिवशी वेटिंग एरियात एक नवे काका आले होते. पहिलाच आठवडा. हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर घाम. मामा त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मला वाटलं, आता दरडीचा जोक येणार.

"तिसऱ्या आठवड्यात लई दमायला होईल," मामा हळूच म्हणाला. "रिपोर्ट नॉर्मल येईल. घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा."

मग त्याचं नाव पुकारलं आणि तो घाईघाईने उठला, कारण आता खरंच धरवत नव्हतं.